हिला उघडणार कोण?

चौथ्या मजल्यावरच्या काकू शाळेतून निवृत्त झाल्या आणि वर्षभरात कमी वेगाची, विजेवरची स्कूटर घेऊन आल्या. लायसन्स लागत नाही, नंबरप्लेट लागत नाही, तसली. आमच्या पार्किंगमध्ये प्लग नाही. त्यामुळे त्या रोज संध्याकाळी सीट उचलून बॅटरी बाहेर काढतात आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरून लिफ्टने वर नेतात. नऊ-दहा किलोचं काळं खोकं, वर बोटांना रुतणारं हँडल. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी त्यांच्यासाठी लिफ्टचं दार धरून उभी होते. मागून सातव्या मजल्यावरचे एक गृहस्थ आले, ओली छत्री झटकली, आत पाऊल टाकणार इतक्यात त्यांची नजर त्या खोक्यावर गेली. पाऊल मागे आलं. ‘व्हा तुम्ही पुढे काकू, मी येतो पुढच्या फेरीत.’ लिफ्टमध्ये अजून तिघं सहज मावली असती. काकू ‘बरं’ म्हणाल्या. वर जाईपर्यंत आम्ही दोघीही काही बोललो नाही. चौथा मजला आला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘परवा पार्किंगमध्ये कुणीतरी बॉम्ब म्हणालं हिला. वॉचमनसमोर.’ आणि खांद्याने दार ढकलत घरात गेल्या.

ते मागे आलेलं पाऊल माझ्या डोक्यातून जाईना. आधी त्या गृहस्थांचा राग आला, पण रात्री विचार करत बसले तेव्हा तो राग धरून ठेवता येईना. त्यांची भीती काही हवेतून आलेली नव्हती. २०२२ च्या मार्चअखेरीला आपल्याच लोहगाव भागात रस्त्याच्या कडेला उभी असलेली स्कूटर पेटली होती आणि त्या पांढऱ्या धुराचा व्हिडिओ त्या दिवशी पुण्यातल्या प्रत्येकाच्या फोनवर येऊन गेला होता. त्याच सुमारास तमिळनाडूत वेल्लोरला रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरने पेट घेतला, धुरात वडील आणि मुलगी गुदमरून गेले. पंधरवड्याच्या आत नाशिकजवळ कंटेनरमधून नेत असलेल्या नव्याकोऱ्या स्कूटर जळाल्या, चाळीसपैकी वीस. असल्या बातम्या माणूस विसरत नाही. त्या आपल्या घराच्या दाराशी, चपलांच्या स्टँडशेजारी चार्जिंगला लावलेल्या वस्तूबद्दल असतात.

पेट्रोलही पेटतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पेट्रोलचा धोका आपल्याला नाकाने कळतो. टाकी गळत असेल तर पार्किंगमध्ये शिरताक्षणी वास येतो, कुणीतरी ओरडतं, कुणीतरी वाळू आणतं. चार पिढ्यांनी तो वास ओळखायला शिकून घेतलाय. बॅटरीच्या खोक्याला वास नाही, आवाज नाही. आत शेकडो सेल एकमेकांना निकेलच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. त्यातला एक बिघडून तापू लागला तर शेजारचा तापतो, मग त्याच्या शेजारचा, आणि बाहेर उभ्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. कळतं तेव्हा धूर निघालेला असतो. ज्याची चाहूल लागत नाही त्याला माणूस जास्त घाबरतो, आणि यात मला तरी मूर्खपणा दिसत नाही.

त्या आगींनंतर सरकारने चौकशी लावली, आणि बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस १५६ हे मानक कडक झालं. डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झालं. सेलमध्ये पुरेसं अंतर हवं, एक सेल तापला तरी आग बाहेर येता कामा नये, आत काही बिनसलं तर चालवणाऱ्याला दिव्याने आणि आवाजाने इशारा मिळाला पाहिजे, असं बरंच काही त्यात आहे. हे मानक प्रसिद्ध होतं ते आपल्या एआरएआयमधून, म्हणजे गाड्यांच्या चाचण्या आणि संशोधन करणाऱ्या पुण्यातल्या संस्थेतून. वेताळ टेकडीवर रोज पहाटे चालायला जाणारे शेकडो पुणेकर त्या संस्थेच्या कुंपणाजवळून जातात. अर्ध्या कोथरूडला ती टेकडीच मुळी ‘एआरएआय’ म्हणून माहीत आहे. देशभरातल्या गाड्यांची पारख करणारी माणसं तिथे बसतात. तरी त्या कुंपणापासून खाली आमच्या लिफ्टपर्यंत आगीची बातमी पोचली आणि नियम बदलल्याची पोचली नाही. काकूंना मी विचारलं, बॅटरी घेताना दुकानदाराने काही सांगितलं का? ‘पावसात भिजवू नका म्हणाला. आणि पावती जपून ठेवा.’

एवढंच.

माझ्या मनातली शंका मात्र या आगींच्या आधीची आहे. चिंचवडला माझ्या मामाने २०१० च्या आसपास अशीच एक स्कूटर घेतली होती. तेव्हा त्यात शिशाच्या बॅटऱ्या असायच्या. इन्व्हर्टरच्या शेजारी जो आंबूस, घशाला खवखवणारा वास यायचा तोच त्या डिकीत यायचा. केंद्राने अनुदान दिलं होतं, पेट्रोल महागलं होतं, बऱ्याच कंपन्या निघाल्या होत्या. मामा खूश होता. पहिला उन्हाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर गाडी मोरवाडीपर्यंत जाऊन परतताना धापा टाकायला लागली. नव्या बॅटऱ्यांचा खर्च ऐकून मामी गप्प बसली. २०१२ च्या मार्चमध्ये अनुदान थांबलं, विक्री कोसळली, आणि मामा एके दिवशी शोरूमवर गेला तर तिथे पडद्यांचं दुकान होतं. फोन उचलायला कुणी नाही. ती स्कूटर पुढे कितीतरी वर्षं जिन्याखाली उभी होती. तिच्यावर आधी जुनी वर्तमानपत्रं आली, मग सिमेंटची अर्धी गोणी, मग भाच्याची तीनचाकी. मामाच्या तोंडून तिच्याबद्दल वाईट शब्द मी कधी ऐकला नाही. तो एवढंच म्हणायचा, ‘दाखवायला कुणी भेटलं नाही गं.’

आज कुणी मला सांगतं की लोकांना नवं काही नको असतं, तेव्हा मला मामा आठवतो. त्याला नवं हवं होतं. त्याने स्वतःच्या पैशाने घेऊन पाहिलं होतं.

आणि नवं नको असतं तर पुण्यात लूना चालली असती का? १९७२ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकने ती आणली तेव्हा रस्त्यावर सायकली होत्या आणि ज्यांचा नंबर लागला असेल त्यांच्या स्कूटर. बजाजच्या चेतकसारख्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. अशा गावात पन्नास सीसीची, पॅडल मारून सुरू होणारी, सायकलीपेक्षा थोडी जाड एवढीच दिसणारी वस्तू आली. तीही लहानच होती, हळूच चालायची. डबलसीट असताना चढावर पॅडल मारून हातभार लावावा लागायचा. माझे बाबा आईला मागे बसवून पर्वती पायथ्याकडून वर येताना असे पॅडल मारत यायचे, आणि आई मागे अंग आखडून बसायची, जणू त्याने वजन कमी होईल. तरी कुणी त्यांना विचारलं नाही की ही खरी गाडी आहे का. प्राध्यापक, दूधवाले, नर्सबाई, पोस्टातले कारकून, सगळे लूनावर दिसायचे.

का विश्वास बसला तिच्यावर? मला वाटतं, ती उघडता यायची म्हणून. रविवारी सकाळी बाबा अंगणात वर्तमानपत्र पसरून बसायचे. प्लग काढायचे, पॉलिश पेपरने त्याचं टोक घासायचे, फुंकर मारायचे, उजेडाकडे धरून फट बघायचे. कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकला की वायरीच्या एका बारीक तारेने तो काढायचे. हाताला काळं लागायचं, ते रॉकेलच्या चिंधीने पुसायचे. आणि त्यांच्याने नाहीच जमलं तर शाळेसमोर पत्र्याच्या टपरीत मेकॅनिक होता. त्याच्याकडे एक लाकडी पेटी आणि एक स्टूल. गाडी ढकलत नेली की तो आधी दोन पॅडल मारून आवाज ऐकायचा आणि म्हणायचा, ‘तेल जास्त पडलंय, दुसरं काही नाही.’ पेट्रोल पंपावर ऑइल मिसळून घ्यावं लागे त्या काळात. त्या माणसाचं निदान चुकायचंही. पण तो तिथे असायचा. कंपनी उद्या बंद पडली असती तरी त्याची टपरी उघडलेली असणार, याची खात्री होती. बाबांनी विश्वास टाकला होता तो त्याच्यावर.

काकूंच्या गाडीला असा माणूस नाही, हे माझ्या मनात आलं तेव्हा लिफ्टमधला प्रसंग मला निराळा दिसू लागला. त्या गृहस्थांना भीती वाटत होती, पण ती विचारायची कुणाला हे त्यांना माहीत नव्हतं. काकूंनाही माहीत नव्हतं. मध्ये ते बंद खोकं होतं आणि त्यावर एक स्टिकर, उघडल्यास वॉरंटी जाईल.

लोक विचारतात ते प्रश्न मी गेले काही महिने लक्ष देऊन ऐकते आहे. पहिला प्रश्न जवळपास ठरलेला. ‘कात्रज चढते का?’ काकू कात्रजच्या घाटात कशाला जातील? त्यांचं जाणं-येणं मंडई, बँक, बहिणीकडे कर्वेनगर. पण हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत एकच दुचाकी असते आणि ती रोजच्या दिवसापेक्षा वाईट दिवसाचा विचार करून घेतलेली असते. रात्री दोनला दवाखान्यात न्यायचं झालं तर? गणपतीला सासवडला जायचं ठरलं तर? कंपनीने सांगितलेले किलोमीटर आणि रस्त्यावर प्रत्यक्ष मिळणारे किलोमीटर यांत बरीच तफावत पडते, हे ज्याने चालवलीय त्याला समजलेलं असतं. डबलसीट, उड्डाणपुलाचा चढ, हेडलाइट चालू, बॅटरी दोन वर्षं जुनी, की कागदावरचा आकडा भराभर आटतो. त्यात गाडीच्या किमतीतला मोठा वाटा बॅटरीचाच. वॉरंटी संपल्यावर ती बदलायला काय पडेल याचं सरळ उत्तर शोरूममध्ये मिळत नाही. मामासारख्या माणसाने पुन्हा यात पैसे घालावेत अशी अपेक्षा असेल तर आधी हे उत्तर दिलं पाहिजे.

दुसरा प्रश्न गाडीच्या लहान असण्याचा. कमी वेगाच्या गाडीला कायद्याने वेग ताशी २५ किलोमीटर आणि मोटर २५० वॉट अशी मर्यादा आहे, म्हणून तिला लायसन्स आणि नोंदणीतून सूट. विशेष असं की ब्रिटनमध्ये १९८५ च्या जानेवारीत क्लाइव्ह सिंक्लेअर या उद्योजकाने सी-फाइव्ह नावाची विजेवरची, एकट्यापुरती तीनचाकी आणली तेव्हा तिचीही मोटर २५० वॉटचीच होती आणि वेग जेमतेम तेवढाच. तीही लायसन्सशिवाय चालवता यायची. चालवणारा जमिनीलगत बसायचा, भर थंडीत, डोक्यावर छप्पर नाही, शेजारून लॉरी गेली की तिचं चाक डोळ्यासमोर. लोक हसले, वर्तमानपत्रांनी झोडपलं, आणि ऑगस्टमध्ये उत्पादन बंद झालं. त्या हसण्यामागे भीती होती असं मला राहून राहून वाटतं. सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सातला डंपरच्या बाजूने पंचवीसच्या वेगाने जाणाऱ्या काकू पाहिल्या की माझ्याही पोटात गोळा येतो. मागून हॉर्न वाजत राहतात. त्या डावीकडे सरकतात, तिथे पार्क केलेल्या गाड्या आणि उघडी चेंबरं. आपल्या रस्त्यांवर हळू जाणाऱ्यासाठी जागाच ठेवलेली नाही. आणि ज्याला जागा नाही त्या वाहनाला लोक ‘खेळणं’ म्हणतात. बायका आणि म्हातारी माणसं ते जास्त वापरतात, म्हणून आणखी जोरात म्हणतात. हे ऐकलं की मला संताप येतो.

यावर काही विक्रेत्यांनी आडवाट काढली. वायरिंगमध्ये फेरफार करायचा आणि तीच गाडी चाळीस-पंचेचाळीसने पळवायची. लायसन्स नाही, विमा नाही, ब्रेक मात्र पंचवीससाठी बनवलेले. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने अशा गाड्यांवर कारवाई केली, ते योग्यच झालं. पण त्यामुळे नियमात राहणाऱ्या काकूंनाही चौकात थांबवून विचारणा होते, आणि आजूबाजूचे माना वळवून बघतात.

सोसायटीच्या सभेत चार्जिंग पॉइंटचा विषय निघाला तेव्हा मी मुद्दाम गेले. दोन तासांच्या सभेत हा विषय शेवटी आला. वीजबिल कॉमनमधून जाणार का, विमा कंपनी काय म्हणेल, भाडेकरूने गाडी घेतली तर, बेसमेंटमध्ये पाणी साचतं त्याचं काय. एकही प्रश्न वाह्यात नव्हता. गच्चीच्या गळतीवर अर्धा तास वाद घालणारी हीच माणसं इथे मात्र हळू आवाजात बोलत होती, कारण कुणालाच नीट माहिती नव्हती. एक इलेक्ट्रिशियन बोलावून पंधरा अँपिअरचा पॉइंट, वेगळा मीटर, अर्थिंग आणि योग्य एमसीबी यांचं अंदाजपत्रक घ्यायचं एवढंच ठरलं. पॉइंट खाली झाला तर घरातल्या चपलांजवळ चार्जिंग करावं लागणार नाही, ही साधी गोष्ट मी मांडली. घाबरणाऱ्यांनीच खरं तर तो आधी मागायला हवा. दोघातिघांनी मान हलवली. विषय पुढच्या सभेवर गेला.

मला या गाड्या हव्या आहेत. कर्वे रस्त्यावर सिग्नलला उभं राहिलं की घशात जो कोरडा जळका थर बसतो, त्यातच आमची मुलं वाढली आहेत. लूनाच्या निळ्या धुराचं आम्ही कौतुक केलं, तो धूर कुठे गेला याचा विचार तेव्हा कुणी केला नाही. आता दोन युनिट विजेत दिवसभराची कामं करून येणारी वस्तू हाताशी आली आहे. २०२० च्या जानेवारीत चेतक विजेवर परत आली, २०२४ च्या फेब्रुवारीत लूनाही आली, दोन्ही आपल्याच गावच्या. पुण्यात लोक नव्या चेतकजवळ थांबून बोटाच्या पेराने तिचा पत्रा वाजवून बघतात, मी पाहिलंय. प्लास्टिक नाही ना, याची खात्री करतात आणि चेहरा जरा सैल होतो. जुन्या नावावर आणि पत्र्यावर जीव जडतो हे मला समजतं. पण पत्रा वाजवून आतली बॅटरी कळत नाही.

ती कोण उघडतं, हे शोधत मी आणि काकू अखेर नाना पेठेतल्या एका गाळ्यात पोचलो. काकूंची गाडी पूर्ण चार्ज दाखवून मध्येच बंद पडत होती. अधिकृत केंद्राने बॅटरी बदलावी लागेल असं सांगितलं होतं. गाळ्यात पंचविशीतला एक मुलगा होता, आधी मोबाइल दुरुस्त करायचा. टेबलावर स्पॉट वेल्डिंगचं छोटं यंत्र, निकेल पट्टीची गुंडाळी, मल्टिमीटर, आणि वाळूची बादली पायाशी. त्याने काकूंना समोर बसवलं, खोक्याचे स्क्रू काढले, वरची निळी फिल्म कापली. आत हिरवट सेलच्या ओळी. मल्टिमीटरच्या दोन सुया एकेका गटाला लावत तो आकडे मोठ्याने वाचत गेला. तीन पूर्णांक तीन, तीन पूर्णांक तीन, तीन पूर्णांक तीन. मग एका गटावर सुई थांबली. ‘मावशी, हा बघा. दोन पूर्णांक एक. एवढा एकच झोपलाय. बाकी सगळी चांगली आहे.’ काकूंनी चष्मा पुढे ओढून आत डोकावून पाहिलं. आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवलेली बाई. त्यांनी त्याला विचारलं की हा एक गट कमी का झाला, बाकीचे का नाही. त्याने बीएमएसच्या, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटच्या, पट्टीवरची एक सुटलेली बारीक तार दाखवली. दोघं त्यावर बराच वेळ बोलत होते.

दुरुस्ती झाली, पण सहज नाही. त्याच जातीचे सेल हवे होते, ते कंपनी बाहेर विकत नाही. बीएमएसचा नकाशा मागितला तर अधिकृत केंद्रात या असं उत्तर येतं. त्याने दुसऱ्या एका जुन्या पॅकमधून जुळणारे सेल शोधले, मोजले, जोडले, आणि रात्रभर निगराणीखाली ठेवून मग दिले. काकूंना त्याने स्पष्ट सांगितलं, ‘वॉरंटीत असती तर मी हात लावला नसता, आणि तापतेय असं वाटलं तर लगेच काढून मोकळ्यावर ठेवा.’ केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही घेतली आहेत. त्या मुलापर्यंत त्यातलं काही आलेलं नाही. त्याला सेलचे कोड हवेत, मूळ कनेक्टर हवेत, बीएमएसची माहिती हवी, आणि कुणीतरी रीतसर शिकवून प्रमाणपत्र द्यायला हवं, कारण अर्धवट माहितीने उघडलेली बॅटरी खरोखरच पेटू शकते आणि हे त्याला आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक आहे. औंधच्या आयटीआयमध्ये असा काही कोर्स आहे का, हे त्याने आम्हालाच विचारलं. मी चौकशी करून सांगते म्हटलंय. पुढच्या सभेला त्याला बोलावून घ्यावं असं काकूंचं म्हणणं आहे, आणि मी सेक्रेटरींना तसं पत्र दिलं आहे.